'गड आला पण सिंह गेला' : किशोरवाचनात स्थिरावलेली ऐतिहासिक कादंबरी

१. प्रास्ताविक

मराठीतील बालकुमारसाहित्याचा विचार करताना आपण बहुधा मुलांसाठी हेतुपूर्वक लिहिलेल्या पुस्तकांपुरते पाहतो. परंतु कोणत्याही भाषेतील मुले केवळ त्यांच्यासाठी लिहिलेलीच पुस्तके वाचतात असे नाही. 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) किंवा वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' (१८१९) या कादंबऱ्या प्रौढांसाठी लिहिल्या गेल्या. पुढे त्या किशोरांच्या झाल्या. लेखकाने मनात धरलेला वाचक एक आणि कृतीने काळाच्या ओघात मिळविलेला वाचक दुसरा, असे वाङ्मयाच्या इतिहासात अनेकदा घडते. मराठीत या प्रक्रियेचे ठळक उदाहरण म्हणून हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीकडे बोट दाखविता येईल.

ही कादंबरी हरिभाऊंनी मुलांसाठी लिहिली नव्हती. तरीही संक्षिप्त आवृत्त्या, शाळेतील गोष्ट, स्नेहसंमेलनातील नाट्यप्रवेश आणि चित्रपट या वाटांनी ती मराठी मुलांच्या मनात इतकी खोल रुजली की तिच्यातील कल्पित कोणते आणि इतिहास कोणता, हे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. वर्गात 'सिंहगड हे नाव केव्हा पडले?' असा प्रश्न विचारून पाहावा. जे उत्तर चटकन येते ते इतिहासाच्या पुस्तकातून आलेले नसते. ते या कादंबरीच्या शीर्षकातून आणि त्यामागील परंपरेतून आलेले असते. प्रस्तुत लेखात हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबरीलेखनाची पार्श्वभूमी, या कादंबरीच्या आधारसामग्रीचे स्वरूप, तिच्या रचनेतील किशोरवाचकाला आवाहन करणारे घटक आणि कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीने तिच्या प्रसारास लावलेला हातभार यांचा विचार करून, ती आज कशी शिकवावी या प्रश्नाकडे यावयाचे आहे.

२. हरिभाऊ : जीवन आणि लेखनाची पार्श्वभूमी

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपणाचा काही काळ मुंबईत गेल्यावर ते पुण्यास आले. १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या सहवासात त्यांची वैचारिक घडण झाली. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर निधन पावले तेव्हा विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी 'शिष्यजनविलाप' हे विलापकाव्य लिहिले. तर आगरकरांच्या 'विकारविलसित' या 'हॅम्लेट'च्या रूपांतरावर त्यांनी विस्तृत टीकालेखही लिहिला. गुरूंविषयी आदर आणि त्यांच्या कृतीची चिकित्सा या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकाच वेळी नांदत होत्या. त्यांनी महाविद्यालयात शिक्षण घेतले, पण पदवी त्यांना मिळाली नाही. पुढे पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार आणि नगरपालिकेचे काम यांत त्यांचे आयुष्य गुंतले. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लेखनाचे मुख्य वाहन म्हणजे १८९० साली सुरू झालेले 'करमणूक' हे साप्ताहिक. पाव शतकाहून अधिक काळ चाललेल्या या पत्राचा वाचक विशिष्ट वर्गातील पुरुष नव्हे, तर सारे घर होते. स्त्रिया, शिकती मुले, नोकरदार मंडळी अशा सर्वांच्या हाती पडेल आणि कोणाच्याही हाती पडल्यास संकोच वाटणार नाही असे वाचन द्यावे, ही त्यामागील दृष्टी होती. हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या या पत्रातून क्रमशः आल्या. 'पण लक्षात कोण घेतो!' ही सामाजिक कादंबरी आणि 'उषःकाल' ही ऐतिहासिक कादंबरी एकाच पत्रातून, एकाच वाचकवर्गापुढे आल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. क्रमशः प्रसिद्धीमुळे प्रकरणाअखेरीस उत्कंठा राखणे, दोन कथासूत्रे आळीपाळीने पुढे नेणे, वाचकाला थेट संबोधून मागील धागा जोडून देणे या लकबी त्यांच्या कथनात आल्या. पुढे किशोरवाचकाला ही कादंबरी जवळची वाटली त्याचे एक कारण या लकबींत आहे.

हरिभाऊंच्या आधी मराठीत रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) या कादंबरीने ऐतिहासिक कादंबरीची वाट पाडली होती. हरिभाऊंचा पहिला प्रयत्न 'मैसूरचा वाघ' हा मेडोज टेलरच्या कादंबरीवर आधारलेला आणि अपुरा राहिलेला. त्यानंतर मात्र 'उषःकाल', 'रूपनगरची राजकन्या', 'चंद्रगुप्त', 'वज्राघात' अशा कृतींतून शिवकालापासून मौर्यकालापर्यंत आणि राजस्थानापासून विजयनगरापर्यंत त्यांची कल्पनाशक्ती संचार करीत राहिली. 'गड आला पण सिंह गेला' ही त्यांपैकी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, १९०३-०४ च्या सुमाराची कृती होय. या काळाचे वातावरणही ध्यानी घेतले पाहिजे. १८९६ साली रायगडावर शिवोत्सव झाला होता; १८९८ पासून राजवाडे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करू लागले होते; भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना मात्र १९१० साली व्हावयाची होती. म्हणजे शिवकालाविषयी लोकमानसात ओढ निर्माण झाली होती, परंतु कागदपत्रांची छाननी अद्याप बाल्यावस्थेत होती. हरिभाऊंची कादंबरी या दोहोंमधील अंतरात जन्मली.

३. आधारसामग्री : बखर, पोवाडा आणि कल्पित

जून १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत कोंडाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस, तानाजी मालुसरे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तो परत घेतला. या लढाईत तानाजी आणि मोगलांचा किल्लेदार उदयभान राठोड हे दोघेही पडले. एवढा या घटनेचा निर्विवाद गाभा आहे.

या गाभ्याभोवती कथनाचे तीन थर चढलेले दिसतात. पहिला थर कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीचा (१६९७). सभासद हा महाराजांच्या काळाला जवळचा. त्याचे निवेदन आटोपशीर आहे : कडा चढून जाणे, हातघाईची लढाई, दोन सरदारांचे द्वंद्व, तानाजीनंतर सूर्याजीने लोकांस सावरणे, किल्ला फत्ते झाल्याची खूण म्हणून जाळ करणे आणि महाराजांचा शोक. हा शोक व्यक्त करताना बखरकाराने महाराजांच्या तोंडी गड मिळाला पण गड गमावला अशा आशयाचे उद्गार घातले आहेत. येथे तानाजीला गडाची उपमा आहे, सिंहाची नाही, हे लक्षणीय आहे.

दुसरा थर शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याचा. रायबाच्या लग्नाचे निमंत्रण, जिजाबाईंचा हट्ट, शेलारमामा, घोरपड हे सारे लोकप्रिय तपशील या पोवाड्याने लोकांत पोहोचविले. हा पोवाडा समकालीन मानण्याची रूढी असली तरी त्याच्या उपलब्ध पाठाची भाषा उत्तरकालीन संस्कार दर्शविते. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे जे पूर्वी डफ-तुणतुण्याच्या साथीने ऐकले जाई ते हरिभाऊंच्या पिढीला छापील रूपात वाचावयास मिळू लागले होते.

तिसरा थर कादंबरीकाराच्या कल्पनेचा. सती जाण्यास निघालेल्या कमलकुमारी या राजपूत स्त्रीला उदयभानू बळाने आपल्या ताब्यात घेतो आणि कोंडाण्यावर आणून ठेवतो, हे कादंबरीचे मुख्य कथासूत्र सभासदाच्या बखरीत कोठेही नाही. बंदिवासातील मानिनी, तिच्यावर आसक्त झालेला बलवान खलपुरुष, दुर्गम किल्ला आणि बाहेरून होणारी सुटका ही रचना स्कॉटच्या वाचकाला अपरिचित नाही. 'आयव्हॅन्हो'तील रिबेका अशाच प्रकारे एका गढीत कोंडलेली आहे. हरिभाऊंनी ती उचलली असे म्हणण्याचे कारण नाही. युरोपीय अद्भुतरम्य कादंबरीने रूढ केलेला एक साचा त्यांनी देशी आशयाला अनुरूप करून वापरला, एवढेच म्हणता येईल.

शीर्षकाविषयी आणखी एक गोष्ट. तानाजीच्या बलिदानामुळे कोंडाण्याचे नाव सिंहगड झाले ही समजूत सर्वत्र रूढ आहे. तथापि १६६३ सालच्या महाराजांच्या एका पत्रात या किल्ल्याचा उल्लेख 'सिंहगड' असाच येतो. म्हणजे तानाजीच्या मृत्यूपूर्वी किमान सात वर्षे हे नाव प्रचारात होते. तेव्हा गडाला सिंहाचे नाव तानाजीमुळे मिळाले नाही. उलट, गडाच्या नावात आधीच असलेला सिंह पुढील कथनपरंपरेने तानाजीच्या ठायी पाहिला, असा क्रम अधिक संभवनीय वाटतो. हरिभाऊंच्या शीर्षकाने हे रूपक कायमचे रूढ केले.

४. किशोरवाचकाला आवाहन करणारी रचना

आता प्रश्न असा की, हरिभाऊंच्या इतर ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या तुलनेत हीच कादंबरी मुलांच्या वाचनात अधिक का रुजली? 'उषःकाल' वाङ्मयीन दृष्ट्या अधिक प्रौढ मानली जाते. तिचा नायक नानासाहेब हा कल्पित तरुण आहे. एकीकडे विजापूरच्या चाकरीशी इमान राखणारे वडील रंगराव आप्पा आणि दुसरीकडे स्वराज्याची ओढ, अशा कात्रीत तो सापडलेला आहे. जॉर्ज लुकाच यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ऐतिहासिक कादंबरीच्या 'मध्यम' नायकाची जी कल्पना मांडली, तिच्याशी नानासाहेबाचे पात्र सहज जुळते. दोन युगांच्या सीमेवर उभा असलेला, दोन्ही बाजूंशी नाते असलेला आणि म्हणून ऐतिहासिक संघर्षाचे दर्शन घडविणारा असा तो नायक आहे.

तानाजी असा नाही. त्याच्या मनात द्वंद्व नाही. मुलाचे लग्न की गड, असा प्रश्न समोर येतो तेव्हा उत्तर शोधण्यास त्याला एक क्षणही लागत नाही. प्रौढ वाचकाला ही निश्चिती कदाचित उणीव वाटेल. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला मात्र तीच मोहविते. या वयात कर्तव्य स्पष्ट दिसावे आणि ते पार पाडणाऱ्याला किंमत मोजावी लागावी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गोष्ट मनात घर करते. कादंबरीत किंमत खरोखर मोजली जाते, हे तिचे बळ आहे. विजयाची कथा असूनही तिचा शेवट आनंदाचा नाही. लग्नघर आणि मृत्यू यांची जी सांगड या कथेत आहे, तिच्यामुळे मराठी मुलाला शोकात्म अनुभवाची पहिली ओळख होते असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

दुसरा घटक कमलकुमारीचे कथासूत्र हा होय. पुरंदरचा तह, तेवीस किल्ले, मोगलांची मनसब या गोष्टी मुलाला अमूर्त वाटतात. परंतु एका व्यक्तीवर झालेला अन्याय त्याला तत्काळ कळतो. राजकीय संघर्षाला व्यक्तिगत अन्यायाचे रूप दिल्यामुळे कोंडाणा घेणे ही लष्करी गरज न राहता नैतिक आवश्यकता बनते. कथनदृष्ट्या हे काम अत्यंत चोख झाले आहे.

परंतु याच ठिकाणी कादंबरीची मर्यादाही आहे. उदयभान हा मोगलांच्या चाकरीतील राजपूत किल्लेदार होता. त्याच्या निष्ठेचे, तत्कालीन राजपूत सरदारांच्या मोगलसेवेचे, स्वतः महाराजांनी केलेल्या तहामागील राजनीतीचे अनेक प्रश्न या एका व्यक्तीच्या निमित्ताने उभे राहतात. कादंबरीने त्याला कामांध खलपुरुष केल्याबरोबर हे सारे प्रश्न मिटतात. शत्रू समजून घेण्याची गरज उरत नाही. त्याचा तिरस्कार पुरेसा होतो. 'उषःकाल'मध्ये रंगराव आप्पांच्या रूपाने दुसऱ्या बाजूच्या इमानालाही जी प्रतिष्ठा मिळते ती येथे मिळत नाही.

तसेच सतीच्या प्रश्नाचे. ज्या हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो!'मध्ये विधवेच्या छळाचे हृदयद्रावक चित्र रेखाटले, त्यांनीच येथे सती जाण्याच्या निश्चयाकडे आदराने पाहिले आहे. सामाजिक कादंबरीतील सुधारक आणि ऐतिहासिक कादंबरीतील गतकालपूजक यांच्यातील हा ताण केवळ हरिभाऊंचा नव्हे, त्यांच्या पिढीचाच होता. कायद्याने १८२९ सालीच बंद झालेली प्रथा कादंबरीत शीलाचे प्रतीक म्हणून परत येते. देवराळा येथे १९८७ साली घडलेल्या प्रकरणानंतर हा प्रश्न केवळ गतकालाचा आहे असे म्हणून शिक्षकाला पुढे जाता येत नाही.

५. कोल्हापूर आणि कादंबरीचे दुसरे जीवन

ही कादंबरी वाचू न शकणाऱ्यांपर्यंतही पोहोचली याचे श्रेय मोठ्या प्रमाणात कोल्हापूरकडे जाते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली या कादंबरीवर आधारित 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केल्याबद्दल भारतीय चित्रपटाच्या इतिहासात तो विशेष उल्लेखिला जातो. हा निव्वळ तांत्रिक तपशील नाही. कोंडाण्याची कथा ही मूलतः रात्रीची कथा आहे. अंधार, कडा आणि मशाली यांच्याविना ती उभीच राहत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हे ओळखून पेंटरांनी अंधाराला दृश्यरूप दिले. या मूकपटात शेलारमामाची भूमिका करणारे तरुण नट म्हणजे पुढे नामवंत झालेले व्ही. शांताराम.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या १९३० सालच्या शिवकालीन मूकपटाचे मूळ नाव 'स्वराज्य तोरण' होते. 'स्वराज्य' हा शब्द परकीय सरकारच्या परिनिरीक्षकांना न रुचल्यामुळे तो 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित करावा लागला. शिवकालीन कथानक त्या काळात केवळ भूतकाळाविषयी नव्हते, याचा हा बोलका पुरावा आहे. पुढे १९३३ साली शांताराम यांनी हरिभाऊंच्याच कादंबरीवरून 'सिंहगड' हा बोलपट दिग्दर्शित केला. त्याच वर्षी प्रभात पुण्यास गेली. एका दशकात एकाच नगरीने एकाच कादंबरीला दोनदा पडद्यावर आणले.

या रूपांतरांचा परिणाम दुहेरी झाला. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकांपर्यंत आणि मुलांपर्यंत ही कथा गेली. पण त्याबरोबर हरिभाऊंचा निवेदक मागे पडला. वाचकाशी बोलणारा, मध्येच थांबून प्रसंगाचा विचार करावयास लावणारा, काय ऐकीव आणि काय कल्पित याचे भान कधीकधी सुचविणारा असा तो निवेदक होता. पडद्यावर निवेदक नसतो. जे दिसते ते घडलेच असे वाटते. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांतही पहिली कात्री निवेदकाच्या चिंतनालाच लागते. उरतात ती साहसे. कादंबरी किशोरांची झाली ती अशा वजाबाकीतून. २०२० साली आलेल्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटाने ही कथा नव्या पिढीपर्यंत अधिक भव्य रूपात नेली. त्या पिढीला हरिभाऊंचे नावही ठाऊक असेलच असे नाही, तरी कल्पनेने भरलेला इतिहास हाच इतिहास मानण्याची सवय तीच आहे.

६. अध्यापनाचा प्रश्न

महाविद्यालयीन शिक्षकापुढे येथे दोन सोपे मार्ग असतात. एक, कथा जशी आहे तशी भक्तिभावाने सांगून टाकणे. दुसरा, कमलकुमारी खोटी, घोरपड खोटी, नावही आधीचेच, असे सांगून कथेचा निकाल लावणे. पहिल्याने विद्यार्थ्याची चिकित्सा मारली जाते; दुसऱ्याने त्याची कथेवरील श्रद्धा तर जातेच, पण तिच्या जागी वाङ्मयाची समजही येत नाही. उलट 'कादंबरी म्हणजे खोटे' एवढाच धडा तो घेऊन जातो.

तिसरा मार्ग थरांच्या वाचनाचा आहे. सभासदाचा परिच्छेद, पोवाड्यातील तोच प्रसंग आणि कादंबरीतील त्याच प्रसंगाचे प्रकरण अशी तीन वाचने एकापुढे एक ठेवावीत. मग विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत : प्रत्येक थरात नवे काय आले? ते कोणत्या श्रोत्यासाठी आले? ते आल्याने आधीचे काय झाकले गेले? सभासद राजाच्या पदरी असलेल्या कारकुनाच्या नजरेने लिहितो, म्हणून त्याला फत्ते झाल्याची खूण महत्त्वाची वाटते. शाहीर गावच्या श्रोत्यांपुढे उभा आहे, म्हणून त्याला लग्न, मामा आणि आईचा हट्ट महत्त्वाचा वाटतो. कादंबरीकार १९०३ साली, पारतंत्र्यातील मध्यमवर्गीय घरासाठी लिहितो, म्हणून त्याला बंदिवान स्त्री आणि तिची सुटका महत्त्वाची वाटते. हे ध्यानात आले की कल्पित म्हणजे असत्य नव्हे, ते त्या त्या काळाच्या मनाचे सत्य असते, ही गोष्ट विद्यार्थ्याला सिद्धान्त म्हणून न सांगता उमगते. आणि त्याचबरोबर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री नेमके काय घडले, हा प्रश्न स्वतंत्रपणे शिल्लक राहतो हेही त्याला कळते.

या पद्धतीने तानाजी लहान होत नाही. सर्व थर बाजूला केल्यावरही अंधाऱ्या रात्री कडा चढून जाणारा, किल्ला जिंकून देणारा आणि त्यासाठी प्राण देणारा माणूस तेथे उभाच असतो. त्याला कमलकुमारीची गरज नव्हती. गरज हरिभाऊंच्या काळातील वाचकाला होती.

७. समारोप

'गड आला पण सिंह गेला' ही हरिभाऊंची सर्वश्रेष्ठ कृती नव्हे. तथापि किशोरवाचकाच्या मनात तिने जे स्थान मिळविले ते मराठीत फार थोड्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना लाभले. हे स्थान तिला निश्चयी नायक, विजयाशी जोडलेली हानी, व्यक्तिगत अन्यायाचे कथासूत्र आणि क्रमशः कथनाची उत्कंठा या गुणांमुळे मिळाले; ते दृढ करण्यात संक्षिप्त आवृत्त्यांचा आणि कोल्हापूरच्या चित्रपटांचा वाटा मोठा आहे. याच गुणांनी तिने शत्रूचे सुलभीकरण केले आणि एका क्रूर प्रथेला शीलाचे वलय दिले, हेही विसरता येत नाही. मुलांच्या हाती पडलेल्या ऐतिहासिक कादंबरीची जबाबदारी लेखकाबरोबर संपत नाही. ती पुढे संक्षेपकार, चित्रपटकार आणि शिक्षक यांच्याकडे येते. बालकुमारसाहित्याच्या अभ्यासात या उत्तरजीवनाचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. 'वज्राघात', 'उषःकाल' आणि नाथमाधवांच्या शिवकालीन कादंबऱ्या यांचाही याच दृष्टीने अभ्यास होणे अगत्याचे आहे.